प्रश्नांचा नकाशा

अमेरिकेत एनबीसीवर ३० मार्च १९६४ रोजी सुरू झालेली ‘जेपर्डी’ ही प्रश्नमंजुषा पुढे बरीच वर्षे भर दुपारी बाराला लागायची. कल्पना मर्व्ह ग्रिफिन यांची, सूत्रसंचालन आर्ट फ्लेमिंग यांचे. जेवणाच्या सुट्टीतले नोकरदार आणि कॉलेजची मुले हा तिचा हक्काचा प्रेक्षक. १९७४मध्ये वाहिनीने तिची वेळ आधी सकाळी साडेदहाला नेली, मग दुपारी दीडला. त्या वेळी मुले वर्गात आणि नोकरदार कचेरीत. ३ जानेवारी १९७५ला कार्यक्रम बंद पडला. १९७८मध्ये नियम बदलून, जास्तीच्या बक्षिसाची फेरी जोडून तो पुन्हा आणला, पण पाच महिन्यांत आटोपला. १९८४मध्ये सूत्रसंचालक म्हणून अ‍ॅलेक्स ट्रेबेक आले, मूळच्या तीन फेऱ्या परत आल्या आणि कार्यक्रम स्थानिक केंद्रांना विकला गेला. प्रत्येक केंद्राने आपल्या शहराला सोयीची वेळ निवडली. ट्रेबेक २०२०मध्ये वारले, तरी कार्यक्रम चालू आहे.

आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ २००७च्या पर्वानंतर तीन वर्षे थांबला होता. २०१०मध्ये सोनीवर परतल्यावर त्याने लहान गावांतल्या स्पर्धकांना पुढे आणले. २०११मध्ये मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले. २०१९मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. त्या खुर्चीत आपल्यासारखी बाई बसलेली पाहून किती घरांत टीव्हीचा आवाज वाढवला गेला असेल!

त्याचा मराठी अवतार २०१३पासून दोन वाहिन्यांवर फिरला. सूत्रसंचालक बदलले, नावही बदलले. मराठी मुलखावरचे त्याचे प्रश्न मात्र बहुधा महाराष्ट्राच्या हद्दीतच राहिले, आणि याची जबाबदारी आपली, म्हणजे प्रश्न काढणाऱ्यांची, आहे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसर इथे अनेक घरांत मराठी बोलतात, शाळा-कचेरीत हिंदी. १९५६पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. २०२३मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. मराठी वाहिन्यांचा प्रेक्षक मोजला जातो तो महाराष्ट्र-गोव्याच्या बाजारात, त्यामुळे पांढुर्ण्याचे घर त्या हिशेबात येतच नाही. जाहिरातदार त्याला विचारत नाही, मग निर्माता कशाला विचारेल? पण प्रश्न लिहिणाऱ्याने बाजाराची ही हद्द आपल्या वहीत का आखून घ्यावी?

या भागातून निघणारे प्रश्न पाहा. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शहाची राजधानी देवगड आज कोणत्या जिल्ह्यात आहे? नागपूरला पाणी देणारी कन्हान कोणत्या डोंगररांगेत उगम पावते? छिंदवाडा आणि सातपुडा ही दोन उत्तरे नागपूरच्या प्रेक्षकालाही नवी वाटतील, आणि सौसरच्या शाळकरी मुलाला ती हमखास येतील. चांगल्या प्रश्नाची याहून मोठी कसोटी मला माहीत नाही. पांढुर्ण्यात जांब नदीवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीवर, म्हणजे दगडफेकीच्या खेळावरही प्रश्न निघतो. तिथे माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. तेव्हा तो प्रश्न गंमत म्हणून विचारू नये.

मराठी वाहिन्यांची दुपार आज बहुतेक आदल्या रात्रीच्या मालिकांच्या पुनःप्रसारणात जाते. तिथे दुपारच्या ‘जेपर्डी’सारखी रोज अर्ध्या तासाची, लहान बक्षिसांची प्रश्नमंजुषा सहज बसेल. कोटीच्या बक्षिसाची तिला गरज नाही. निवडचाचण्या मात्र पुण्या-मुंबईबरोबर पांढुर्णा, सौसर, बऱ्हाणपूर, बेळगाव इथेही घ्याव्यात. स्पर्धकाच्या बोलीत हिंदी मिसळली म्हणून त्याला पहिल्याच फेरीत गाळू नये. संकलनाच्या टेबलावर ती बोली कापू नये, ही विनंती आमच्या संकलक मित्रांनाही आहे.

पुढच्या अंकापासून सीमाभागावरच्या प्रश्नांसाठी दोन पाने राखून ठेवत आहोत. प्रत्येक प्रश्नासोबत उत्तराचा छापील आधार हवा आणि तीन चुकीचे पर्यायही त्याच भागातले हवेत. प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा.