बाळाच्या आधी आईचे ताट

आमच्या सोलापुरात ज्वारीच्या भाकरीविषयी कुणी वावगे बोललेले खपत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, शेंगाची चटणी, सोबत कांदा, की जेवण झाले! मी याच ताटावर वाढले, दोन लेकीही वाढवल्या. त्यामुळे नातवाच्या आजाराचे मूळ आईच्या ताटात असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

धाकटी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ छान हसायचे, हाक मारली की वळायचे. सातव्या-आठव्या महिन्यात त्याचे हसणेच थांबले. सावरलेली मान पुन्हा कलंडू लागली. अंगाने गुबगुबीत, पण रंग फिकट. बोटांची पेरे मात्र काळवंडलेली. आम्ही दृष्ट काढली, मग दवाखाना गाठला. बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासले आणि प्रश्न विचारला तो आईला, "तुम्ही काय जेवता?"

लेकीने माझ्याकडे पाहिले. बाळाला सर्दी होईल म्हणून तिचे दही-ताक मीच बंद केले होते. दूध तिला आवडत नाही, अंडे आमच्या घरात शिजत नाही. रक्त तपासले तर मायलेकरांत जीवनसत्त्व ब-12 पार तळाला गेलेले. इंजेक्शने सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बाळ आवाजाकडे वळू लागले.

हा आजार नवा नाही. 1962 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मालती जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच बाळांची हकिकत मांडली होती. अंगावर पिणारी ही बाळे निस्तेज झाली होती, शिकलेले विसरली होती. आईच्या दुधाला दोष कसा द्यायचा? आईकडेच ब-12 नव्हते, तर ती बाळाला कुठून देणार?

जीवनसत्त्वांच्या या कुटुंबातला थोरला म्हणजे ब-1. तो कमी पडला की बेरीबेरी होतो. सडीक तांदळावर जगणाऱ्या मुलखांत या रोगाने कित्येक तान्ही बाळे गेली. ज्वारीत ब-1 असते, म्हणून भाकरीने आपल्याला त्या संकटापासून पुष्कळसे राखले. ब-12ची गोष्ट वेगळी. मज्जातंतूंवरचे आवरण नीट घडायला ते लागते, पण कुठल्याही धान्यात, डाळीत वा भाजीत ते मिळत नाही. ते मिळते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील आया आणि मुलांचा अभ्यास करीत आले आहेत. तिथल्या बहुसंख्य गरोदर स्त्रियांत ब-12 कमी आढळले. ज्यांच्यात ते फार कमी होते, त्यांची मुले 9 वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. हा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आजार दिसला नाही तरी उणीव राहतेच. पुढे याच चमूने 2012 पासून तरुण मुलींना गरोदरपणाआधीच रोज 2 मायक्रोग्रॅम ब-12 दिले. त्यांची मुले समज आणि भाषा या बाबतींत सरस ठरली. चाचणी लहान होती, पण तिने दाखवलेली दिशा स्पष्ट आहे.

कुणी म्हणेल, हा मांसाहाराचा प्रचार झाला. तसे नाही. दूध-दही नेमाने खाणाऱ्या शाकाहारी घरात ही उणीव टाळता येते. पण आमच्या शहरात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या घरी दूध चहापुरतेच येते. तिला "दही खा" म्हणून सांगणे सोपे आहे. ते आणायचे कशातून? सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. त्यांत ब-12 नसते. शिवाय नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी झाकली जाऊ शकते. म्हणून त्या गोळ्यांबरोबर ब-12 द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्या घरांना दूध परवडते, त्यांनी बाळंतिणीचे दही तोडू नये.

नातू आता बालवाडीत जातो. बोलायला मात्र तो उशिरा लागला. तो उशीर त्या दोन महिन्यांमुळे झाला की त्याचा पिंडच तसा, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मला मात्र लेकीच्या ताटातून उचललेली दह्याची वाटी आठवत राहते. पुढच्या महिन्यात थोरली बाळंतपणाला येते आहे. आज सकाळी मी जास्तीचे दूध लावले.