भिंत जामीन राहील काय?



कर्जदाराच्या अर्जावर सही करण्यापूर्वी जामीनदाराची ऐपत पाहावी, हे मी बँकेतील नोकरीत अनेक कनिष्ठांना बजावले. सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या घरी मात्र मीच ते विसरलो.

उमरग्यातील आमचे घर जुने, पुढे दुकान व मागे बिऱ्हाड. दुकानामागील खोलीत दिवसा सूनबाई जीएसटीचे काम पाहते, सायंकाळी नातू अभ्यासाला बसतो आणि रात्री तेथेच अंथरुणे पडतात. कायमचे टेबल ठेवण्यास जागा नाही. म्हणून भिंतीला लावायचे घडीचे टेबल स्वतः करण्याचे मी मनावर घेतले. ९० सेंमी लांब व ४५ सेंमी रुंद अशी १९ मिमी जाडीची प्लायवुडची फळी, दोन घडीचे ब्रॅकेट, प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू एवढाच संसार. ड्रिल भिंतीत लोण्यासारखे शिरले. गिलाव्यामागून तपकिरी माती भुरभुरली. तेथेच सावध व्हायला हवे होते. मी मात्र काम सोपे झाले म्हणून खूष झालो.

आठव्या दिवशी नातू पाणी पिण्यास उठला. मी वह्यांचा गठ्ठा टेबलाच्या कडेवर ठेवून कोपर टेकले, तोच गिलाव्याच्या खपलीसकट टेबल निखळले आणि फळीची कड नातवाच्या रिकाम्या स्टुलावर आदळली. तो क्षणभर आधीच तेथून उठला होता.

गवंडी मिस्त्री आले. त्यांनी भिंतीवर बोटांनी टिचकी मारत म्हटले, “साहेब, फळीत दोष नाही. भिंत दगड-मातीची आहे.” आपल्या भागातील जुन्या भिंतींना आत-बाहेर दगडांचे दोन थर असतात, मधली पोकळी माती व चिपांनी भरलेली असते. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुधा नसतातच. १९९३ साली, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारी, सास्तूर आणि परिसरात अशाच जाड भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. आमच्या घराला तेव्हा केवळ भेगा पडल्या. त्या आम्ही सिमेंटच्या गिलाव्याने झाकल्या आणि भिंत पक्की झाली असे समजून बसलो.

आता थोडा हिशोब. टेबलाच्या बाहेरील कडेवर २० किलो वजन ठेवले, फळीचे सुमारे ५ किलो धरले आणि ब्रॅकेटची उभी पट्टी ३० सेंमी असली, तर वरच्या स्क्रूंवर भिंतीतून उपटून काढणारी ओढ सुमारे ३४ किलोंची येते. ५० किलोंचा माणूस कडेवर रेलला, तर हीच ओढ ७९ किलोंच्या घरात जाते. पट्टी १५ सेंमीचीच असेल, तर दुप्पट. पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची भिंत हा भार अँकर फास्टनरच्या आधारे पेलते. माती पेलत नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेस भार भिंतीवर न टाकता जमिनीवर उतरवला. भिंतीलगत सुमारे ८० सेंमी अंतर सोडून दोन सागवानी दांडे फरशीवर उभे केले आणि त्यांच्या माथ्यावर आडवी पट्टी बसवली. पट्टीला सलग बिजागरीने फळी जोडली. पुढील कडेला फळीखाली सुमारे ७३ सेंमीचे दोन मिटणारे पाय लावले. धक्का लागून ते मिटू नयेत म्हणून दोहोंना जोडणारी कडी घातली. दांडे ५ सेंमी जाडीचे असल्याने मिटलेले पाय फळी व भिंतीच्या मध्ये सामावतात. ही चौकट शेजारच्या लाकडी खांबाला बांधली. भिंतीत एकही भोक नाही. उघडलेल्या फळीची उंची ७५ सेंमी भरते, आणि मिटल्यावर ती जमिनीपासून ३० सेंमीवर लोंबते. पट्टी पाणसळीने तपासावी, नाहीतर पेन घरंगळते.

आपल्या घरी हे काम काढाल, तेव्हा आधी एका कोपऱ्यात बारीक भोक पाडून पाहा. लाल भुकटी आली तर वीट, करडी आली तर सिमेंट. पण करडी भुकटी नुसत्या गिलाव्याचीही असू शकते, म्हणून भोक किमान पाच-सहा सेंमी खोल जाऊ द्या. माती आली, तर थांबा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका. तेथून वायर गेलेली असते.

आणि माती आलीच, तर टेबलाचा विचार बाजूला ठेवून जाणत्या अभियंत्याला भिंत दाखवा. आम्ही दाखवली. पावसाळ्यापूर्वी तिच्यात आरपार दगड बसवण्याचे काम सुरू होईल. तोवर त्या भिंतीकडेची अंथरुणे आम्ही समोरच्या खोलीत हलवली आहेत.