शेकडेवारीच्या पलीकडे

दहावीचा निकाल लागला की खेडोपाडीच्या विद्यालयांवर ‘शंभर टक्के निकाल’ असे फलक झळकतात, पेढे वाटले जातात आणि गाव आपल्या शाळेविषयी निश्चिंत होते. हा आनंद हिरावून घेण्याची आमची इच्छा नाही. परंतु या टक्क्यांनी शाळेचे खरे माप होते काय, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील सुजाण नागरिकांनी आता विचारलाच पाहिजे.

राज्य मंडळाचेच आकडे पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेने द्यावयाचे वीस गुण रद्द झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. ते गुण परत आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर चढला. त्या वर्षी साथीमुळे भूगोलाची परीक्षा झाली नाही, हे जमेस धरले तरी मुलांची बुद्धी एका वर्षात खालावली आणि दुसऱ्या वर्षी उजळली, असे कोण म्हणेल? बदलली ती मोजपट्टी.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. ही शेकडेवारी परीक्षेस बसलेल्यांचीच असते. वाटेत गळलेल्यांची नोंद तीत नसते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत सांभाळतो. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे फरफटणारा मुलगा, संध्याकाळची एस. टी. नाही म्हणून घरी बसविलेली मुलगी, घरी कानडी बोलणारा अक्कलकोटकडील विद्यार्थी, यांची गाठ नववीच्या गणिताशी पडते. त्यातच शंभर टक्क्यांच्या हव्यासापोटी कच्च्या मुलाला नववीतच अडवावे, अथवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवावे, असा मोह शाळेस होऊ शकतो. फलक स्वच्छ राहतो. मुलगा मात्र कायमचा नांगराला किंवा यंत्रमागाला जुंपला जातो.

खेड्यातील शाळेत काही होऊ शकत नाही, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. परंतु ती शाळा प्राथमिक आहे. तेथे पेटलेली ज्योत पुढे माध्यमिक शाळेने तेवत ठेवली नाही, तर त्या प्रकाशाचा उपयोग काय?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यालयाने निकालासोबत तीनच आकडे दर्शनी भागी लावावेत: आठवीत किती मुले व किती मुली होत्या, त्यांपैकी किती दहावीस बसल्या, आणि गणित, विज्ञान व इंग्रजीच्या शिक्षकांच्या किती जागा वर्षभर रिकाम्या होत्या. अडचणीच्या गावांतील शाळांची यामुळे नाचक्की होईल, असा आक्षेप येईल. तो अनाठायी आहे. तिसरा आकडा शाळेचा नव्हे, तर जागा न भरणाऱ्यांचा हिशेब मागतो. आणि शाळेची तुलना शेजारच्या शाळेशी न करता तिच्याच गतवर्षाशी करावी.

फलकावर कोणाचे नाव आले, हे आपण नेहमीच वाचतो. कोणाचे आले नाही, हे विचारण्याची सवय समाजाने लावून घेतली, तरच खेड्यातील शाळेचा खरा निकाल लागेल.