पूर्णेचें ऋण

पूर्णेच्या कांठीं, भातकुली तालुक्यांत, ऋणमोचन नांवाचें गांव आहे. पौषांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. गाडगेमहाराजांनीं यात्रेकरूंच्या सोयीकरितां तेथें घाट बांधविला, हें वऱ्हाडांत सर्वांस ठाऊक आहे. नदींत बुडी मारली म्हणजे मनुष्य ऋणांतून सुटतो, असा त्या नांवाचा भाव. आम्हांस मात्र उलट प्रश्न विचारावासा वाटतो: या नदीचें जें ऋण वऱ्हाडच्या डोक्यावर चढलें आहे, तें कोणत्या घाटावर फिटावयाचें?

सातपुड्यांत उगम पावून पूर्णा अमरावती, अकोला व बुलढाणा हे जिल्हे ओलांडते व चांगदेवाकडे तापीस मिळते. तिच्या दोन्ही अंगांस सुमारें ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. त्यांत सुमारें ९०० गांवें येतात. येथें गाळाच्या मातीचा थर फार खोल, कण अति बारीक, उतार नांवाचाच. म्हणून क्षार धुऊन जाण्यास वाटच नाहीं. विहिरीस पाणी लागतें, पण तें घशाखालीं उतरत नाहीं व पिकासहि मानवत नाहीं. तें शेतास दिलें तर त्यांतील सोडियमनें चिकणमाती फुगते, तिचीं छिद्रें बुजतात, आणि पुढच्या पावसाचें गोड पाणीहि वरच्यावर तुंबून राहतें. मूत्रपिंडाच्या विकारानें घरचीं माणसें गेल्याचें ज्या गांवांत लोक सांगतात, तेथें ‘खारें पाणी’ हा केवळ भूगोलाच्या पुस्तकांतला शब्द राहत नाहीं.

हा क्षार निसर्गाचा, त्यांत कोणाचा काय दोष, असें म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांस आमचें सांगणें असें कीं, क्षार जुना खरा. पण गोड्या पाण्याची जी उधळपट्टी झाली ती माणसाची करणी आहे. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यांत आला, पुढच्या दशकांत आगगाडी आली, आणि विलायतेच्या गिरण्यांसाठीं गायरानें व पडीक जमिनी कपाशीखालीं गेल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्या कपाशीनें कोणाचें पोट भरलें, हें निराळें सांगावयास नको. आपल्या जमिनीनें व पाण्यानें काय पिकवावें हें दूरच्या बाजारानें ठरवावें, ही रीत तेव्हां पक्की झाली.

तीच रीत आज सातपुड्याच्या पायथ्याशीं दिसते. तेथील दगडगोट्यांचा व वाळूचा पट्टा म्हणजे या खोऱ्याचें पाणी पिणारें तोंड. डोंगरांतून उतरणारें पाणी तेथेंच जमिनींत मुरतें. त्याच बाजूस, अचलपूर व चांदूरबाजारकडे, संत्र्याच्या बागांसाठीं बोअर वर्षानुवर्षें खोल खोल जात आहेत. वान, शहानूर, चंद्रभागा, सापन या नद्यांवर, आणि विश्रोळीस खुद्द पूर्णेवर, धरणें झालीं. त्यांच्या पाण्यानें शेतें भिजलीं व वानच्या नळानें खारपाणपट्ट्यांतील कित्येक गांवांस गोड पाणी मिळालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वर जें अडविलें व उपसलें तें खालीं नदीस उरत नाहीं, हा हिशेब एका कागदावर कोणी मांडला आहे काय? वरचा बागाईतदार, मधलें शहर व खालचा कोरडवाहू शेतकरी हे एकाच नदीचे भागीदार. पण सरकारी दप्तरांत ते तीन निरनिराळ्या खात्यांचे अर्जदार आहेत.

आतां वैनगंगेचें पाणी नळगंगेस आणण्याची योजना पुढें आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें तिला मंजुरी दिली: सुमारें ४२६ किलोमीटरांचा जोडकालवा, ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च, आणि सुमारें ३ लाख ७१ हजार हेक्टरांच्या सिंचनाचें आश्वासन. ‘पाणी येऊं द्या, मग पाहूं,’ असें तिचे कैवारी म्हणतात. उन्हाळ्यांत मैलभर घागर वाहणाऱ्या बाईनें असें म्हटलें तर आम्ही मान लववूं. योजना आंखणाऱ्यांनीं म्हणावें हें मात्र लाजिरवाणें आहे. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, त्याच्या खालच्या जमिनी खारावल्या, आणि हॅरॉल्ड मान यांनीं १९१० सालींच त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरोळकडे कृष्णाकांठच्या उसाच्या मळ्यांत आजहि पांढरा क्षार फुटलेला दिसतो. तेथें मीठ मागाहून वर आलें. येथील जमीन तर पोटांतच मीठ घेऊन बसली आहे. निचऱ्यावांचून तिला कालव्याचें पाणी पाजणें म्हणजे त्या मिठास वर येण्याचें आमंत्रणच होय.

१० मे २०२५ रोजीं महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांनीं तापी खोऱ्यांतील महापुनर्भरणाचा करार केला. पायथ्याशीं पाणी मुरवावें ही त्यांतील कल्पना खोऱ्याचा स्वभाव ओळखणारी आहे, म्हणून आम्ही तिचें स्वागत करतों. पण एका हातानें मुरवावें व दुसऱ्या हातानें उपसावें, तर तो रांजण कधींच भरावयाचा नाहीं. खोल विहिरींस आवर घालण्यासाठीं २००९ चा भूजलकायदा झाला. तो पुस्तकांतून बांधावर केव्हां उतरणार?

आमचें मागणें थोडें आहे. अगोदर घरची घागर, मग बाग. अगोदर निचरा, मग कालवा. जी चिकणमाती पाणी मुरूं देत नाहीं तीच शेततळ्यांत पावसाचें गोड पाणी धरून ठेवते, व त्यांतील एकदोन पाण्यांनीं हातचें जाणारें पीक वांचतें. अकोल्याचें पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ पासून याच मातीच्या उशाशीं आहे; तेथील ज्ञान कालव्याचा नकाशा कायम होण्यापूर्वीं विचारलें जावें, नंतर नव्हे.

ऋणमोचनच्या घाटावर कर्जाचा विसर पडत असेल, पण नदी आपला हिशेब विसरत नाहीं. तो आज आपण मांडला नाहीं, तर उद्यां तो शेताशेतांतून पांढऱ्या अक्षरांनीं उमटेल, आणि तेव्हां तो पुसण्यास वैनगंगाहि पुरी पडणार नाहीं.