मळ्यातली वाइन आणि अबकारीचे दफ्तर

निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या पाटील कुटुंबाने स्वतः लावलेल्या वेलींच्या द्राक्षांपासून आपल्याच आवारात वाइन करण्याचा जो परिपाठ ‘रेव्हेलो’ या नावाने चालविला आहे, तो उद्योगाचा नव्हे तर शेतीचा भाग मानला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि चेन्नईत राहून ते अधिकच दृढ झाले आहे.

एप्रिलात खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर फळ छाटणी, अशी वेल दोनदा छाटून पीक मात्र एकच घ्यावयाचे, ही नाशिककडील बागायतदाराची रीत सर्वपरिचित आहे. परंतु खाण्याच्या द्राक्षांचे मणी टपोरे व्हावेत म्हणून जो खटाटोप चालतो, त्याच्या नेमके उलट वाइनच्या बागेत मणी लहानच राहू द्यावे लागतात, कारण रंग, तुरटपणा आणि पुष्कळसा गंध सालीत वसतो. जानेवारीपासून मार्चपर्यंत, उन्हे चढण्याच्या आत घड हातांनी तोडून आणावयाचे. लाल वाइनचा रस सालींसकट आंबत ठेवावयाचा. आणि आंबताना सुटणाऱ्या वायूने पृष्ठभागावर लोटलेला सालींचा जाड थर दिवसातून अनेकदा खाली दाबावयाचा, नाहीतर तो सुकून सारा रस आंबट होण्याचे भय. हे दाबण्याचे काम यंत्रही करील. पण साली केव्हा वेगळ्या काढाव्यात याचा निवाडा, त्या वेलीवरचे भुरी आणि डावणी हे रोग ज्याने हंगामभर निवारले, त्याच्या जिभेनेच करावा हे उत्तम. नेरो दाव्होला आणि ग्रिलो या सिसिलीच्या उष्ण भूमीतील जाती निफाडात रुजल्या, यात तेथील हिवाळ्याचाही वाटा असला पाहिजे. राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद कित्येकदा ज्या गावाच्या नावे होते, तेथील थंड रात्रींत द्राक्षाचे आम्ल टिकून राहते.

आता तामिळ मुलखाकडे पाहावे. 1937 साली मद्रास प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदीचा आरंभ केला, आणि त्याच वर्षीचा कायदा येथे आजही लागू आहे. मात्र 1983 साली स्थापन झालेल्या ‘टास्मॅक’ या सरकारी महामंडळाकडे मद्याच्या घाऊक विक्रीची, आणि 2003 पासून किरकोळ विक्रीचीही मक्तेदारी आहे. थेनी जिल्ह्यातील कंबम खोऱ्यात पिकणाऱ्या पन्नीर द्राक्षाला 2023 साली भौगोलिक मानांकन लाभले, तेथे वर्षातून एकाहून अधिक तोडे होतात. तरी तो माल बहुतांशी खाण्यासाठीच बाजारात जातो. जेथे खरेदीदार एकच, आणि तोही राज्याच्या महसुलासाठी बांधलेला, तेथे चार-दोन एकरांच्या धन्याने पिंपे मांडण्याचे धाडस कोणाच्या भरवशावर करावे?

महाराष्ट्राने 2001 सालच्या धोरणाने वाइनला उत्तेजन दिले खरे, पण तेथेही मूळ अंमल 1949 च्या दारूबंदी कायद्याचाच. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेताच जो विरोध उसळला, त्यामागील वेदना मी हलकी मानीत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मद्रासच्या गल्ल्यांतही आहेत. परंतु त्या घरांचा नाश बहुतांशी शेकडा बेचाळीसहून अधिक मद्यार्काच्या स्वस्त बाटलीने किंवा हातभट्टीने केला आहे. वर्षातून एकदा पिकणाऱ्या आणि शेकडा बारा-तेरा मद्यार्काच्या मळ्यातील वाइनला त्याच पंक्तीस बसविणे न्यायाचे नव्हे. शिवाय दारूबंदीच्या नावाने ज्या सरकारचा कायदा, त्याच सरकारने दुकानदारी करावी, हे राजाजींच्या हेतूशी सुसंगत कसे मानावे?

म्हणून दोन्ही राज्यांनी स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी निराळा परवाना काढावा, वार्षिक उत्पादनाची मर्यादा त्यात ठरवून द्यावी, बागेच्या फाटकाशी विक्रीची मोकळीक द्यावी, आणि ज्याच्या जमिनीच्या सरकारी दफ्तरात द्राक्षाची नोंद नसेल त्याला तो मिळू देऊ नये. तामिळनाडूत हा आरंभ कंबमपासून व्हावा. तेथील बागायतदाराने टास्मॅकच्या गोदामाकडे न पाहता आपल्या पडवीतच पहिले पिंप मांडावे.