‘गरम’ आणि ‘हाय पॉवर’

अँटिबायोटिक ‘गरम’ पडते, हा समज महाराष्ट्रात घरोघरी आढळतो. तोंड आले, जुलाब लागले की दोष उष्णतेवर जातो आणि उतारा म्हणून ताक किंवा बी-कॉम्प्लेक्सची गोळी सुचवली जाते. जोडीला दुसरा समज असतो: औषध जितके ‘हाय पॉवर’चे, तितका गुण लवकर. या हिशेबात सगळी प्रतिजैविके एकाच माळेचे मणी ठरतात. फरक फक्त जोराचा.

पहिल्या समजाला थोडा आधार आहे. जुलाब जवळपास कुठल्याही प्रतिजैविकाने होऊ शकतात. मात्र त्याचे कारण उष्णता नव्हे. रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपयुक्त जिवाणूही मरतात. तोंडातले पांढरे चट्टे बहुधा कँडिडा या बुरशीचे असतात. यांपैकी कशावरही बी-कॉम्प्लेक्स हा इलाज नाही. ताकाचा उतारा तर कधी कधी उलटाच पडतो. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे दुधाताकातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि रक्तात कमी उतरतात. टेट्रासायक्लिनची हीच खोड लहान मुलांच्या दातांत दिसते: घडत असलेल्या दातात ते कॅल्शियमसह जाऊन बसते आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात.

औषधाचा घाव कुठे पडतो, हे पाहिल्याशिवाय त्याचे दुष्परिणाम कळत नाहीत. पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून तयार होऊ लागलेले पेनिसिलीन जिवाणूची पेशीभित्तिका जुळू देत नाही. माणसाच्या पेशीला भित्तिकाच नसते, म्हणून ते तुलनेने निर्धोक. त्याची अॅलर्जी मात्र जिवावर बेतू शकते, आणि तिचा या घावाशी संबंध नाही. तो रोगप्रतिकारशक्तीचा उद्रेक असतो. जेंटामायसिनचे लक्ष्य जिवाणूचा रायबोसोम, म्हणजे प्रथिने घडवणारे यंत्र. माणसाचा रायबोसोम वेगळा असला, तरी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांचे रायबोसोम जिवाणूंच्या वळणावरचे असतात. त्यात हे औषध मूत्रपिंडात आणि अंतर्कर्णात साठते. मूत्रपिंड बहुधा सावरते. कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एरिथ्रोमायसिनने पोटात कळा येतात त्याचे कारण आणखी निराळे: ते आतड्याला हलवणाऱ्या मोटिलिन या संप्रेरकाची नक्कल करते. म्हणूनच मंदावलेल्या जठरासाठी ते मुद्दामही दिले जाते.

‘हाय पॉवर’चा युक्तिवाद तर इथेच कोसळतो. जेंटामायसिन इंजेक्शनाने द्यायचे, रुग्णालयातले, म्हणजे लोकांच्या लेखी जबरदस्त औषध. पण ते जिवाणूच्या आत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी वाहतूक लागते. ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंपुढे ते निष्प्रभ ठरते. तिथे मेट्रोनिडॅझोलची स्वस्त गोळी काम करते, बदल्यात तोंडाला धातूची चव येते एवढेच बहुतेकांना जाणवते. घशाला सूज आणणारा गट ‘अ’चा स्ट्रेप्टोकॉकस आजही जुन्या पेनिसिलीनला दाद देतो. साध्या सर्दीच्या विषाणूला ना भित्तिका ना रायबोसोम. त्याच्यावर कुठलेच प्रतिजैविक चालत नाही.

वर आलेले सिप्रोफ्लॉक्सासिन ज्यातले, त्या फ्लुरोक्विनोलोन गटाची औषधे जिवाणूच्या डीएनएची गुंडाळी सांभाळणारी विकरे अडवतात. त्यांची व्याप्ती मोठी, म्हणून ती सर्रास लिहिली गेली. पुढे टाचेचा स्नायुबंध तुटल्याची उदाहरणे समोर आली. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला आणि २०१६ मध्ये सायनसची सूज, साधा ब्राँकायटिस व गुंतागुंत नसलेला मूत्रमार्गाचा संसर्ग यांसाठी दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत, असे बजावले.