सनद जन्माची, विद्या किती दिवसांची?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही आमच्या वाडवडिलांची म्हण ज्याने एकदा तरी घर बांधले आहे त्यास समजावून सांगण्याची गरज नाही. जन्मभराची पुंजी, घरातले किडूकमिडूक सोने आणि बँकेचे वीस वर्षांचे कर्ज एके ठिकाणी ओतून मध्यम स्थितीतील गृहस्थ जी वास्तू उभी करतो, ती सुखाची होणार की तापाची हे पुष्कळ अंशी कागदावरील काही रेघांनी आधीच ठरलेले असते. त्या रेघा ओढणाऱ्या वास्तुविशारदाने आपली विद्या केव्हा संपादन केली आणि त्यानंतर तीत त्याने काही भर घातली किंवा नाही, हा प्रश्न मात्र आपण त्यास कधी विचारीत नाही. आणि आश्चर्याची गोष्ट ही की, या देशाचा कायदाही तो विचारीत नाही. या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही आज योजिले आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. १९७२ साली संसदेने वास्तुविशारदांविषयीचा कायदा केला व त्याअन्वये वास्तुकला परिषद ही संस्था अस्तित्वात आली. मान्य विद्यालयाची पदवी, हल्लीच्या क्रमाप्रमाणे पाच वर्षांची, हाती पडली म्हणजे पदवीधराचे नाव परिषदेच्या नोंदवहीत चढते. पुढे ते नाव तेथे टिकण्यास काय लागते? तर नूतनीकरणाची फी. मधल्या काळात काही शिकल्याचा पुरावा या कायद्याने मागितलेला नाही. १९८९ च्या वर्तननियमांत सचोटीविषयी कलमे आहेत, गैरवर्तन सिद्ध झाल्यास परिषदेस शिक्षाही करता येते. परंतु सचोटीने वागणाऱ्या माणसाचे ज्ञान जुने होत गेले, तर त्यास जागे करण्याची कोणतीही तजवीज या कायद्यात नाही. तेविसाव्या वर्षी मिळालेली सनद त्रेसष्टाव्या वर्षीही तितकीच चोख मानली जाते.

यावर कोणी म्हणेल की, कायद्याने या धंद्यास संरक्षण दिले आहे, तेव्हा त्याची प्रतिष्ठा आपोआप राहील. ही समजूत साफ चुकीची आहे. नोएडा येथील काही सरकारी पदांच्या नावावरून उद्भवलेल्या वादाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी या कायद्याच्या ३७ व्या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. तो असा की, नोंदणी नसलेल्या माणसास ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावण्याची मनाई आहे. त्या प्रकारचे काम करण्याची मनाई नाही. म्हणजे कायद्याने राखले आहे ते नाव. काम राखलेले नाही. कलमाची शब्दरचना पाहता हा अर्थ आम्हांस बरोबर वाटतो. परंतु त्यातून निघणारा व्यावहारिक सिद्धांत वास्तुविशारदांनी नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या धंद्याजवळ कायद्याने दिलेले केवळ नावच आहे, त्या नावास मोल आणणारी वस्तू ज्ञान हीच होय. ते ताजे नसेल तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी स्थिती व्हावयास उशीर लागणार नाही. आणि मग गिऱ्हाईक नकाशासाठी थेट कंत्राटदाराकडे गेले, तर दोष कोणास द्यावयाचा?

ज्ञान जुने होते म्हणजे काय होते, याचा पुरावा शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे मातीत बांधलेल्या जड दगडी भिंतींखाली चिरडून मेली. त्या दिवशी प्रमाण मानल्या जाणाऱ्या भूकंपाच्या नकाशात हा मुलूख सर्वांत निर्धोक अशा पहिल्या पट्ट्यात दाखविलेला होता! पुढे २००२ साली नकाशा सुधारला, पहिला पट्टा अजिबात रद्द झाला आणि किल्लारीचा प्रदेश तिसऱ्या पट्ट्यात गेला. आता १९९० साली पदवी घेतलेल्या माणसाचा विचार करा. त्याने विद्यालयात जे पाठ केले ते त्या वेळी बरोबर होते. आज तेच प्राणघातक आहे. त्याची हयगय शिकताना झालेली नाही. ती न शिकता राहिल्याने होते.

दुसरे उदाहरण २६ जानेवारी २००१ चे. भूकंपाचे केंद्र कच्छात, परंतु तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळ इमारतींचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. वरचे मजले भिंतींनी भरलेले व ताठ, खालचा मजला मात्र लवचिक. धक्का बसताच सारा भार त्या दुबळ्या खांबांवर आला. खांबांचे गणित संरचना अभियंता करतो हे खरे. परंतु तळमजला उघडा सोडावयाचा हा निर्णय आराखड्यात होतो, आणि आराखडा वास्तुविशारदाचा असतो. आपल्या शहरांतून आजही असेच मोकळे तळमजले उभे राहत आहेत. ते बांधणाऱ्याने या धोक्याचा पुरेसा बंदोबस्त केला आहे काय, हे विचारण्याइतकी माहिती घरमालकास नसते. म्हणूनच ती वास्तुविशारदास असावी लागते.

भूकंप क्वचित होतो, उन्हाळा मात्र दरसाल येतो. इमारतींतील विजेच्या काटकसरीची संहिता प्रथम २००७ साली आली व २०१७ साली सुधारली. घरांसाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ निघाली. तीत थंड प्रदेश वगळून इतरत्र भिंती व खिडक्यांवाटे आत येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरास १५ वॅटची मर्यादा सांगितली आहे. २०२२ साली ऊर्जासंवर्धनाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही या विषयाच्या कक्षेत आल्या. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. मुंबई व काही अपवाद वगळून राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० ची. वीस वर्षांपूर्वी विद्यालय सोडलेल्या माणसाने यांतील एकही गोष्ट वर्गात ऐकलेली असणे शक्य नाही. परिणाम रस्तोरस्ती दिसतो. नागपूर-चंद्रपुराकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तरी पश्चिमेकडे काचेची भिंत लावून आत वातानुकूलनाची यंत्रे रात्रंदिवस चालविणारी दुकाने व कचेऱ्या उठतातच. काच परदेशी मासिकातील चित्रावरून येते, विजेचे बिल मात्र येथील व्यापाऱ्याच्या नावाने येते! आमच्या जुन्या वाड्यांतील जाड भिंती, मधला चौक, ओसरी व माळवद ही काही हौसेखातर केलेली नव्हती. ती या हवेचा अभ्यास करून केलेली होती. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील कांचनजुंगा ही उंच इमारत रचताना जुन्या बंगल्याच्या ओसरीचेच तत्त्व दोन मजली उंचीच्या गच्च्यांच्या रूपाने वापरले आणि समुद्राचा वारा घेऊन ऊन व पाऊस यांस बाहेर ठेवले. यासाठी लागतो तो अभ्यास. नकलेने हे साधत नाही. शिवाय जगात माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन वायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के भाग एकट्या सिमेंटचा आहे. तेव्हा कोणती सामग्री किती वापरावी, हा प्रश्न आता केवळ खर्चाचा राहिलेला नाही.

परदेशात हा धडा फार महाग पडला. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीस नूतनीकरणात बाहेरून जे पत्रे लावले, त्यांच्या पोटात जळाऊ प्लास्टिक होते. १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली व ७२ माणसे प्राणास मुकली. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालात नूतनीकरणाचे काम पाहणाऱ्या वास्तुविशारदांवर मोठी जबाबदारी ठेवण्यात आली. ती सामग्री जळाऊ आहे हे त्यांनी ओळखले नाही, हे तिचे मुख्य कारण. ब्रिटनमधील वास्तुविशारदांची रॉयल इन्स्टिट्यूट आपल्या सभासदांस वर्षाला ३५ तासांच्या अभ्यासाची अट पूर्वीपासून घालीत आली होती. परंतु सरकारी नोंदणीशी अभ्यासाची गाठ नव्हती. २०२२ च्या इमारत-सुरक्षा कायद्याने ती घातली गेली आणि २०२४ पासून तेथील नोंदणी मंडळ प्रत्येकास, वर्षात काय शिकलो आणि त्याचा कामात काय उपयोग झाला, याचे टिपण ठेवावयास लावते. अमेरिकेतील वास्तुविशारदांची संस्थाही सभासदांकडून वर्षाला १८ तास मागते व त्यांपैकी १२ तास लोकांच्या आरोग्य व सुरक्षिततेविषयीचेच असावे लागतात. प्रेते मोजल्यावर शहाणे व्हावयाचे की आधीच, एवढाच काय तो प्रश्न आपल्यापुढे उरला आहे.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच अपरिचित आहे असेही नाही. महाराष्ट्रातील डॉक्टरास नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांकांचा अभ्यास दाखवावा लागतो. सनदी लेखापालांसही अभ्यासाचे ठराविक तास बंधनकारक आहेत. आमच्या वकिली धंद्यात १ जुलै २०२४ रोजी १८६० ची दंडसंहिता जाऊन नवी न्याय संहिता अमलात आली. त्यानंतरच्या गुन्ह्यास जुनी कलमे लावणाऱ्या वकिलास न्यायाधीश भर कोर्टात थांबवितो व चूक तेथल्या तेथे निस्तरते. वास्तुविशारदाची चूक थांबविणारा असा न्यायाधीश नाही. ती विटांत चिणली जाते आणि तीत राहणाऱ्या दोन पिढ्या ती भोगतात.

आता आक्षेपांकडे वळू. कित्येकांचे म्हणणे असे की, अनुभव हाच खरा गुरू. मुरलेल्या माणसास पुन्हा शाळेत बसविणे हा त्याचा अपमान होय. कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे. जे. मध्ये शिकून झाल्यावर हार्वर्ड येथे ग्रोपियस यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी झाले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबई सोडून पॅरिसला ल कार्बुझिए यांच्या हाताखाली राबले, पुढे अहमदाबादेत लुई कान यांच्यासह काम केले आणि २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळविणारे पहिले भारतीय ठरले. यांत त्यांचा अपमान झाला असे कोणी म्हणेल काय? आजच्या भारतीय वास्तुविशारद संस्थेचे मूळही १९१७ साली मुंबईच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या मंडळात आहे. शिकत राहणे ही या धंद्याची जुनीच परंपरा आहे. ती विसरली गेली एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सक्ती केली म्हणजे प्रमाणपत्रांचा बाजार भरेल. फरशी व रंग विकणारे व्यापारी पंचतारांकित हॉटेलात व्याख्यान ठेवतील, पाहुणे जेवून हजेरी लावतील व घरी जातील. ही भीती खोटी नाही. परंतु त्यावर उपाय अभ्यास टाळणे हा नव्हे, तर अभ्यासाची परीक्षा योग्य ठिकाणी करणे हा आहे. किती तास बसला, यापेक्षा आपल्या कोणत्या कामात काय बदलले, हे लिहून मागावे व त्यांतील काही टिपणे दरसाल तपासावीत. माल विकणाऱ्याच्या व्याख्यानास अभ्यासात गणू नये. तिसरा आक्षेप तालुक्याच्या गावच्या लहान धंदेवाल्याचा: मुंबई-पुण्याच्या वाऱ्या करावयाच्या कोणी व खर्च द्यावयाचा कोणी? हे गाऱ्हाणे रास्त आहे. परिषदेचे प्रशिक्षण केंद्र पुण्यातच आहे; त्याने लातूर, जळगाव, रत्नागिरी, गोंदिया येथे मराठीतून वर्ग नेले पाहिजेत. वर्गात गवंडी, मिस्त्री व नगरपालिकेचे अभियंते यांनाही बसवावे, म्हणजे कागदावर शिकलेले भिंतीवर उतरेल.

आमच्या मते करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. नूतनीकरणास अभ्यासाची अट घालावी आणि ती १९७२ च्या कायद्यात दुरुस्ती करूनच घालावी. मूळ कायद्यात नसलेली अट केवळ नियमाने घातल्यास ती न्यायालयात अडखळण्याचा संभव आहे. अभ्यासाचे विषय तीन असावेत: भूकंप, आग व जिना यांसंबंधी जीवरक्षण, ऊन, पाणी व सामग्री यांची काटकसर, आणि करारपत्र, मेहनताना व हिशेब यांतील चोख व्यवहार. कारण घरमालक व वास्तुविशारद यांचे पुष्कळ तंटे आराखड्यावरून होत नाहीत, न लिहिलेल्या करारावरून होतात. शेवटी, कोणी किती अभ्यास केला हे परिषदेच्या नोंदवहीत कोणासही पाहता यावे.

परंतु सर्व भार परिषदेवर व सरकारवर टाकून आम्ही वाचकांस मोकळे सोडणार नाही. ‘प्लॅन पास करून देणारा’ स्वस्तातला माणस हवा, अशी मागणी आपणच करतो. मग बाजारात तसाच माल येतो यात नवल ते काय? यापुढे दुकान, गोदाम किंवा घर बांधावयास काढाल तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पश्चिमेचे ऊन कसे अडविणार? आग लागल्यास माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडणार? आणि गेल्या तीन वर्षांत आपण नवीन काय शिकलात? जो तिसऱ्या प्रश्नाने रागावेल, त्याच्या पहिल्या दोन उत्तरांवर फारसा विश्वास ठेवू नये. चार माणसांनी हे प्रश्न विचारले तर हसतील. चार हजारांनी विचारले, तर कायदा होण्यापूर्वीच अभ्यास सुरू होईल.